नात्यातला नसावा

मुंबईचं पाकीट आलं त्या दिवशी मळ्यातल्या नव्या विहिरीचं उद्यापन होतं. टपालवाल्यानं पाकीट बैठकीत ठेवलं, त्यावर कुणीतरी नारळांची टोपली ठेवली, आणि ज्याच्या नावाचं ते होतं तो शेषराव मांडवाच्या बल्ल्या रोवत राहिला. पाकीट सापडलं तेव्हा जेवणं आटोपली होती.

खुशालराव लोडाला टेकून बसले होते. या घरात कोणतंही पत्र त्यांच्यासमोरच फुटे, मग ते धाकट्या भावाच्या मुलाचं का असेना.

"वाच," ते म्हणाले. "मराठीत वाच. विंग्रजी समजते असं सोंग करून थकलो मी."

शेषरावानं उभ्यानंच वाचलं. अर्ज पोचला. इंटरचे गुण पुरेसे आहेत. गणितात पहिल्या वेळी नापास झालात त्याचा खुलासा मान्य. डॉक्टरचा दाखला मिळाला. 'मला व्यापार का शिकायचा आहे' हा निबंध समाधानकारक. अमरावतीच्या प्रोफेसरसाहेबांचं शिफारसपत्र मिळालं.

इथवर आवाज बरा होता. या एकेका ओळीमागं त्याचं दीड वर्ष गेलं होतं. पहाटे उठून गणित, प्रोफेसरांच्या ओसरीवर बसून तीनदा फाडलेला आणि चौथ्यांदा जमलेला निबंध, आणि छाती मोजताना डॉक्टरनं दोनदा "श्वास धर" म्हणून सांगितलेलं. मुंबईच्या त्या व्यापारी कॉलेजात वऱ्हाडातून एखाददुसराच घेतात, असं प्रोफेसर म्हणाले होते. या घराण्यातून तर अमरावतीच्या पुढं शिकायला कोणीच गेलं नव्हतं.

"मंग अडलं कुठं?" त्याचे वडील नत्थुजी दारातून म्हणाले. नत्थुजी थोरल्या भावासमोर बसत नसत.

"दुसरं शिफारसपत्र. ते व्यापाऱ्याचं पायजे. त्यानं उमेदवाराचं काम चार महिने तरी पाहिलेलं असावं, आणि तो उमेदवाराच्या नात्यातला नसावा." शेषराव थांबला. "ओमप्रकाशजींनी पहिल्याच ओळीत लिहिलं, हा माझा भाचा."

ओमप्रकाशजी तिथंच पान जुळवत बसले होते. अमरावतीत त्यांचं जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना होता; या घराशी नातं रक्ताचं नव्हे, मानलेलं. शेषराव त्यांच्याकडे वर्षभर कापसाच्या आवकजावकीवर बसला होता.

"मंग काय लिहू बाप्पा?" ते म्हणाले. "अकरा साल झाले, मनकर्णाबाई मले भाऊबीजेले ओवाळते. भांजे को भांजा नहीं लिखूँ, तो क्या चपरासी लिखूँ?"

"तसं नाही जी. नवीन लिहून द्या," नत्थुजी म्हणाले. "नातं नाही म्हणून."

"घेत नाहीत बाबा. त्यांनी साफ लिहिलं, याच गृहस्थाचं दुसरं पत्र चालणार नाही. अठरा तारखेच्या आत दुसऱ्या व्यापाऱ्याचं पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्याला."

"आज तारीख काय?"

"नऊ."

खुशालरावांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. दोन वर्षांपूर्वी हेच म्हणाले होते की कापूस विकायचं शिकायला मुंबई कायले पाहिजे, बाजारात उभं राह्यलं की येते. पण मार्चात निबंध गेला आणि तेव्हापासून साऱ्या कॉटन मार्केटात तेच सांगत फिरत होते, 'आमचा शेषा मुंबईले जाऊन राहिला.' आता तो गेला नाही तर त्या प्रत्येकाला तोंड दाखवायचं होतं.

"खामगावचा एक आहे," नत्थुजी चाचरत म्हणाले. "सांगू ते लिहून देते. शेषा त्याच्याकडे कामाले होता म्हणून."

"नत्थू, घरी कीर्तन आहे आज. खोट्याचं नाव काढू नोको."

आतल्या दारामागं बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मनकर्णाबाई, शेषरावची माय, तिथं उभी होती. तिला काही बोलायचं होतं हे साऱ्यांनाच कळलं. पण ती आत वळली.

*

कीर्तन चार वाजता उभं राहिलं, विहिरीच्या काठी. नवं पाणी अजून गढूळ होतं, त्यात हळदकुंकू तरंगत होतं. महादेवबुवा कौंडण्यपूरच्या बाजूचे. आवाज जाडा, पण सुरात बसलेला. चिपळ्या हातात आल्या की सत्तरीचा माणूस पंचविशीचा होई. पूर्वरंगात त्यांनी पाण्याचं निरूपण केलं, की विहीर खणणारा पाणी करत नाही, ते होतंच, मधली माती तेवढी काढतो. बायका माना डोलावत होत्या. मग बुक्का लागला, बुवांनी उपरणं कसलं आणि उत्तररंगाला रुक्मिणीचं आख्यान घेतलं.

"लोक म्हन्तात, रुक्मिणी द्वारकेची राणी," बुवा म्हणाले. "खोटं! द्वारकेले ती सासरी गेली. ती आपली लेक आहे बाप्पा, वर्धेच्या काठची. आपल्या गावची पोरगी राणी झाली म्हणून का ती परकी होते?"

मांडव हसला.

रथ पळाला, पाठोपाठ भाऊ रुक्मी धावला, लढाई झाली. कृष्णानं त्याला धरलं. बहिणीनं पाय धरले म्हणून जीव वाचला, डोई-मिशी मात्र भादरली गेली. इथं बुवा दर खेपेला स्वतःच्या मिशीवर हात फिरवत आणि पोरं लोळत. आजही लोळली. मग बुवांनी झांजवाल्याला हातानं थांबवलं.

"रुक्मी वाचला. पण घरी नाही गेला. लाजंनं म्हना, रागानं म्हना, दुसरीकडंच गाव वसवून राह्यला. पोथीत त्याच्या गावाचं नाव आहे. पोथीत सारं आहे. पन मायबाई हो, मी पन्नास वर्षं पोथी वाचून राह्यलो, त्या साली रुक्मिणीनं भाऊबीज कोनाची केली, ते काही मले सापडलं नाही."

कीर्तनाचं असंच असतं. बुवा हजारांना सांगतात आणि एकालाच लागतं. मनकर्णाबाई बायकांच्या चौथ्या रांगेत बसली होती. तिनं पदर तोंडाशी धरला. रडायला नव्हे, आता बोलून टाकायचं हे ठरलं आणि ओठ आधीच हलायला लागले, म्हणून.

आरती झाली, प्रसाद वाटला, माणसं पांगली. अजून ऊन होतं. मांडवात घरची तेवढी उरली आणि ओमप्रकाशजी. मनकर्णाबाई खांबाआड येऊन उभी राहिली. चोवीस वर्षं झाली होती तिला या घरात येऊन. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, ती एकदाही थेट बोलली नव्हती. सांगायचं ते समोरच्या तिसऱ्याला सांगायचं आणि भासऱ्यानं ऐकायचं, अशी रीत.

"शेषा," ती म्हणाली, "मोठेबाबाले सांग, एक व्यापारी आहे. त्यानं तुहं काम दिवाळीपासून होळीपर्यंत पाह्यलं."

"माय, नोको," शेषराव म्हणाला.

"सांग."

खुशालराव चार हातांवर होते. "शेषा, तुह्या मायले विचार, कोनता व्यापारी?"

"अकोल्याचा. केशवराव."

ते नाव या घरात अकरा वर्षं उच्चारलं गेलं नव्हतं. केशवराव मनकर्णाबाईचा सख्खा भाऊ. अकोल्याच्या बाजारात त्याची कापसाची अडत. खुशालरावांचा माल त्याच्याच अडतीत जायचा. बाजाराच्या रिवाजाप्रमाणं रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरायचा. एका वर्षी दहा गाड्यांचा सौदा झाला, आणि रुमाल काढल्यावर खुशालराव म्हणाले चार बोटं दाबली, केशवराव म्हणाला तीन. रुमालाखालचं दोघांखेरीज कुणी पाहिलेलं नसतं. भर बाजारात आवाज चढले आणि केशवराव बोलून गेला, 'आजपासून तुमचा-आमचा संबंध नाही.' 'नाहीच,' खुशालराव म्हणाले. त्यानंतर मनकर्णाबाईचं माहेर बंद झालं.

"त्यानं काहून पाह्यलं याचं काम?" खुशालरावांनी विचारलं, आणि मग त्यांचं त्यांनाच उमगलं. "शेषा. इंटरले नापास झाला त्या साली तू तेल्हाऱ्याले होता ना? दोस्ताच्या घरी, अभ्यासाले?"

"नाही मोठेबाबा. मामाच्या अडतीत होतो."

"आन् ते तूप? दोस्ताच्या मायनं पाठवलं म्हणून आनलं ते?"

"मामीनं पाठवलं होतं."

"आन् मी खाल्लं!" खुशालराव ओरडले. "महिनाभर खाल्लं! वरून म्हन्लं, तेल्हाऱ्याच्या म्हशी चांगल्या!"

ओमप्रकाशजींनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"नत्थू, ऐकून राहिला का? आपल्याच घरात—"

"दादा," नत्थुजी म्हणाले, "मले माहीत होतं."

भावाच्या शब्दाबाहेर न गेलेला हा माणूस. खुशालरावांना शेषरावचा राग आला होता तो एकदम विझला आणि त्या जागी काय आलं ते त्यांना नीट कळेना.

मनकर्णाबाईचा आवाज चढला नाही. "शेषा, मोठेबाबाले विचार, केशवराव आपला कोन लागते?"

"कोनी नाही!" खुशालराव थेटच म्हणाले. "अकरा साल सांगून राहिलो, तो आपला कोनी—"

ते थांबले.

"मंग नियमात बसते," मनकर्णाबाई शेषाकडं बघत म्हणाली.

आता ओमप्रकाशजींना हसू आवरलं नाही. खुशालराव विहिरीकडं वळले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक निराळंच समाधान आलं.

"बसते," ते म्हणाले. "बसते ना! त्याच्या हातानं लिहून घेतो. 'मी यांचा कोनी नाही', खाली सही. मी सोता येतो."

*

बडनेऱ्याला गाडी बदलली. खिडकीशी माय, मध्ये शेषराव, कडेला मोठेबाबा. दोघांमधलं बोलणं ये-जा करायला तो बसला होता. मूर्तिजापूरच्या अलीकडं खुशालरावांनी विचारलं, "तुह्या त्या निबंधात काय लिहिलं होतं रे?"

"रुमालाचं."

"कोनत्या?"

"भाव रुमालाखाली ठरते, म्हणून भांडण झालं तर खरं कोणाचं ते देवालेच माहीत. भाव उघड बोलला पायजे, फळ्यावर लिहिला पायजे. बाहेरच्या मुलखात तसं करतात. ते कसं करतात ते शिकून यायचं, असं लिहिलं."

"आमचं नाव टाकलं?"

"नाही."

"मंग ठीक." एक स्टेशन गेलं. "पन चार बोटं होती."

"शेषा," माय खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "मोठेबाबाले सांग, तिथं बोटं मोजू नका म्हणा."

शेषरावानं सांगितलं नाही. सगळ्यांनी ऐकलंच होतं. त्याच्या मनात एकच हिशेब चालू होता. आज दहा, पत्र आज रजिस्टर झालं तर तेरापर्यंत मुंबईत. मामा रागीट. मोठेबाबा त्याहून. मध्ये एक कागद, आणि त्या कागदावर त्याची पुढची चार वर्षं.

*

ज्येष्ठात अडतीत काम नसतं. मोठा तराजू आढ्याला रिकामा लटकत होता आणि केशवराव जुनी पोती उन्हात टाकवून घेत होता. टांगा थांबला, आधी भाचा उतरला, मग बहीण. ती पूर्वी होती त्याहून बुटकी वाटली.

"ये," तो म्हणाला. "जेवली?"

"निघताना खाल्लं. तू?"

"हो."

अकरा वर्षांनंतरचं बोलणं एवढंच झालं. खुशालराव आत आले नाहीत. बाहेरच्या ओट्यावर, उन्हाची तिरीप येत होती तिथंच बसले. केशवरावची बायको सत्यभामा लोटा-भांडं घेऊन बाहेर गेली. त्यांनी हात जोडले आणि मान हलवली. ती लोटा घेऊन परत आली.

शेषरावानं नियम समजावून सांगितला. मराठीत लिहिलं तरी चालतं, तिथं तर्जुमा करून घेतात. केशवरावानं चष्मा लावला, दौत जवळ ओढली. त्याला लिहायला आवडायचं. दिवाळी ते होळी, चार महिने सोळा दिवस, त्यानं तारखा घातल्या. आवक, वजन, ओल पारखणं, पत्रव्यवहार. मग थोडा विचार करून पुढं लिहिलं, मुलगा दुपारी झोपतो. उलट उत्तर देत नाही, पण ऐकतोच असंही नाही. एकदा माझ्याच अडतीतल्या गाडीत वरचा कापूस कोरडा नि खालचा ओला होता. मला माहीत होतं. यानं ते खरेदीदाराला सांगितलं. माझा सौदा मोडला. मी दोन दिवस याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्याच खरेदीदारानं सारी पेठ सोडून माझ्याकडे माल घेतला.

"हे कायले लिहिता मामा?" शेषराव म्हणाला.

"काम पाह्यलं ते लिहाचं ना? हेच पाह्यलं."

ओट्यावरून खकारा आला. "झालं का? आता खालची ओळ लिहा म्हणा. संबंध नाही ती."

केशवरावानं टाक बुडवला. 'मी उमेदवाराच्या' एवढं लिहिलं आणि हात थांबला. समोर बहीण बसली होती, भिंतीला पाठ लावून, लहानपणी बसायची तशी, एक पाय दुमडून. टाकावरचा थेंब सुकला. त्यानं पुन्हा बुडवला.

"नाही लिहिल्या जात," तो म्हणाला.

"काहून?" खुशालराव ओट्यावरून उठून उंबरठ्याशी आले. "भर बाजारात बोलले तवा जीभ नाही अडली!"

"बोललो. बोललेलं वाऱ्यावर जाते, खुशालराव. हे कागदावर राह्यते. मी हिचा भाऊ आहे. नाही कसं लिहू?"

"मंग पोराची जागा जाऊ दे?"

"खोटं लिहून मिळालेली जागा—"

"मामा," शेषराव म्हणाला. "खरं लिहिलं तर पत्र परत येईल. ओमप्रकाशजींचं आलं तसं. मग अठरा तारीख गेली."

उंबरठ्यापर्यंत आलेले खुशालराव तिथंच थांबले. त्यांना जे लिहून हवं होतं ते मिळत नव्हतं, आणि मिळत नाही याचा राग जितका यायला हवा तितका येत नव्हता.

मनकर्णाबाईनं पाय सरळ केला. "नियम कायले केला असन त्याहीनं?" ती म्हणाली. "लाड करणाऱ्यानं लिहू नये म्हणूनच ना? दादा, तुनं याचे लाड केले?"

"मी? दोन दिवस बोललो नाही याच्याशी."

"आन् आमच्या घराशी?"

"अकरा साल."

"मंग तेच लिही. मामा आहे म्हणून लिही, आन् अकरा सालांपासून भांडण आहे म्हणून लिही. याच्याबद्दल वाईट सांगावं असं कोनाले वाटत असन, तर ते तुलेच."

केशवरावानं बहिणीकडं पाहिलं, मग लिहिलं. हळूहळू, एकेक अक्षर: मी या मुलाचा सख्खा मामा आहे. याच्या घराण्याशी माझं अकरा वर्षं वैर आहे, येणंजाणं बंद आहे. खोटी स्तुती करण्याचं मला कारण नाही. हे ध्यानात घेऊन वरील मजकूर वाचावा.

शेषरावानं ते वाचलं. "पण मामा, भांडण खरं आहे याला साक्ष कोण?"

तिघांचीही मान उंबरठ्याकडं वळली.

"मी?" खुशालराव म्हणाले. "माह्या भांडणावर मीच सही करू?"

मनकर्णाबाई उठली. तिनं कागद उचलला, दौत उचलली, उंबरठ्याशी नेऊन त्यांच्यासमोर ठेवली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"सही करा," ती म्हणाली. शेषाला नव्हे.

खुशालरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही. रीत ती रीत. ते उंबरठ्याच्या बाहेरच मांडी घालून बसले आणि मोडीत सावकाश लिहिलं, 'वरील भांडण खरे आहे. दुसरा पक्ष मी.' आणि खाली सही केली.

सत्यभामा पुन्हा लोटा घेऊन आली.

"आत्ता नाही बाई," ते म्हणाले. "आत्ताच सही केली. इथं पानी प्यालो तर कागद खोटा पडन. आधी टपालात पडू द्या."

तेव्हा ऊन कडक होतं, तरी टपालकचेरीपर्यंत सगळे चालत गेले, पुढं शेषराव, मागं दोघे सोयरे, त्यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. मुंबईचं उत्तर सातव्या दिवशी आलं. दोनच ओळी होत्या: दुसरे शिफारसपत्र मान्य, वीस तारखेस मूळ कागदपत्रांसह हजर व्हावे. ते वाचायला मात्र घरात कोणी खुशालरावांची वाट पाहिली नाही, आणि त्यांनीही ते मनाला लावून घेतलं नाही.

पण त्या दुपारी यातलं काही ठाऊक नव्हतं. रजिस्टरची पावती खिशात घालून शेषराव अडतीच्या दाराशी आला तेव्हा त्याच्या पाठीमागून मोठेबाबा आले, ओट्यावर जोडे काढले, उंबरठा ओलांडला आणि रिकाम्या तराजूखालच्या सतरंजीवर जाऊन बसले.

"भांडण रजिस्टरनं मुंबईले गेलं," ते म्हणाले. "आता इथं कोनाजवळ काही नाही. पानी पाजा बाई."